दुसरीतली आफरीन आणि चौथीचा फळा

शिक्षकाच्या नोकरीत दोन गोष्टींचा ढीग लागतो. जुन्या रजिस्टरांचा आणि किस्स्यांचा. रजिस्टरं कपाटात मावत नाहीत, किस्से पोटात मावत नाहीत! रजिस्टरांना निदान वाळवी तरी लागते, किस्स्यांना तीही लागत नाही. आम्ही चार शिक्षिका कुठं लग्नाबिग्नात एकत्र जमलो की जेवणाची ताटं पुसायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "जाधवबाई, सोडा की एखादा!" आणि मग मला थांबवायला नवरदेवाच्या आईला यावं लागतं.

पण गेल्या वर्षीचा माझा सगळा साठा एकाच पोरीच्या नावावर आहे. आफरीन नदाफ. इयत्ता दुसरी, वय वर्षं सात, उंची माझ्या टेबलापेक्षा वीतभर जास्त.

आधी शाळा सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कोरेगावपासून आत नऊ किलोमीटरवर आमची चौथीपर्यंतची मराठी शाळा. खोल्या दोन, शिक्षक दोन आणि वर्ग चार! मुख्याध्यापक मोहिते गुरुजी आणि मी. पहिली आणि तिसरी गुरुजींच्या खोलीत, दुसरी आणि चौथी माझ्या खोलीत. "एक बारका वर्ग आणि एक मोठा, म्हणजे एका जिवाला झेपतंय," असा गुरुजींचा नियम. पहिली-दुसरी एका खोलीत आली तर मास्तर दिवाळीपर्यंत टिकत नाही, असं ते शपथेवर सांगायचे. त्यांची तीस वर्षं नोकरी झालेली, मी कशाला वाद घालू?

माझ्या खोलीतल्या फळ्यावर मी मधोमध खडूनं उभी रेघ मारते. डावीकडं दुसरी, उजवीकडं चौथी. एका वर्गाला लिहायला लावायचं, तोवर दुसऱ्याला शिकवायचं. सगळी नोकरी मान इकडून तिकडं वळवण्यात चालली आहे. मानेचा पट्टा त्यातनंच लागला.

*

तर एके दिवशी चौथीला भागाकार चालू होता. आमच्याकडं आल्याचं पीक भरपूर, म्हणून गणितंही मी आल्याचीच घालते. "तीनशे सतरा किलो आलं निघालं. एका पोत्यात साठ किलो बसतं. पोती किती भरली, उरलं किती?"

चौथीतली पोरं पत्र्याकडं बघायला लागली. उत्तर तिथंच लिहिलंय जणू! तेवढ्यात डावीकडनं बारीक आवाज आला, "पाच पोती भरली, सतरा किलो उरलं. पर बाई, उरल्यालं काय हातात न्यायचं? सहावं पोतं लागंलच की!"

आफरीन! हिला मी 'माझे कुटुंब' यावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. मी डोळे मोठे केले. "हा प्रश्न तुझ्या वर्गाचा आहे का? तुझं तू लिही."

"व्हय बाई. मग चौथीचा तास असला की मी कानात बोटं घालू का?"

"घाल!" मी आपली रागाच्या भरात म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी चौथीचा तास सुरू झाला आणि ही खरंच दोन्ही कानांत बोटं घालून बसली. पुढ्यात वही उघडी, पान कोरं. मी खुणेनं बोटं काढायला लावली आणि विचारलं, "अगं, लिहीत का नाहीस?"

तर म्हणाली, "कसं लिहू बाई? हात कुठं रिकामं हाईत?"

*

दुसरा किस्सा माझी लाज काढणारा आहे, पण मला लय आवडतो.

चौथीच्या फळ्यावर मी एक मोठा गुणाकार सोडवून दाखवला. पोरं उतरवून घेत होती. तेवढ्यात आफरीन उठून टेबलापाशी आली. "बाई, एकीला जाऊ?"

"जा."

पण ही जाईना. अजून जवळ आली, टाचा उंच केल्या आणि माझ्या कानाशी कुजबुजली, "रेघंच्या पलीकडं एक चूक हाय. माझा फळा न्हाई, म्हणून मोठ्यानं बोलली न्हाई."

मी वळून बघितलं. साता आठे चोपन्न! दोन बोटं खाली सगळं उत्तर गडगडलेलं. मी पदरानंच पुसलं, छप्पन्न केलं आणि पोरांना म्हटलं, "बघत होते, कुणाच्या लक्षात येतंय का!" सगळे शिक्षक हेच म्हणतात, तुम्हीही शाळेत असताना ऐकलं असेल.

आफरीन मात्र जागेवर जाऊन बसली होती. "काय गं, एकीला जायचं होतं ना?" तर मान खाली घालून हसली. तिला लागलेलीच नव्हती! बाईंची चूक चारचौघांत निघू नये म्हणून पोरगी परवानगीचं निमित्त करून आली होती. भागाकार येणं वेगळं हो, पण सात वर्षांच्या जिवाला ही समज? मला तर तिथल्या तिथं तिची दृष्ट काढावीशी वाटली.

*

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी गुरुजींना गाठलं. गुरुजी व्हरांड्यात खिचडीची चव बघत होते. मी म्हटलं, "गुरुजी, आफरीनला पुढच्या वर्षी दुसरीतनं थेट चौथीत घालायची."

गुरुजींच्या हातातला चमचा थांबला. "का बरं? तिसरीत माझ्याकडं यायला काय झालं? माझ्या खोलीत काय वाघ हाय?"

"वाघ नाही, पहिली आहे! यंदा तिनं रेघेपलीकडचं ऐकून चौथी पुरी करत आणलीय. आता तुमच्याकडं आली तर वर्षभर शेजारच्या पहिलीचं 'कमळ बघ, छगन चल' ऐकत बसायचं का तिनं? पोरगी गंजून जाईल."

ते त्यांना पटलं असावं, कारण त्यांनी लगेच दुसरं कारण काढलं. "पटाचं काय? आधीच वीसवर आलोय आपण. ही एक वर्ष आधी पाचवीला बाहेरगावी गेली की एकोणीस! पट घसरला की शाळंचं काय व्हतंय, ते तुमाला मी सांगायला पायजे व्हय?"

आणि मग तिसरं, जे खरं जड होतं, ते त्यांनी जाता जाता सांगितलं. "आणि पुढच्या वर्षी चौथीत मुस्कान असणार."

मुस्कान म्हणजे आफरीनची थोरली बहीण. तिसरीत, गुरुजींच्या खोलीत. पोरगी इतकी शांत, की हजेरी घेताना गुरुजी तिचं नाव चुकून गाळून पुढं जात आणि ती तशीच गप्प बसे. अभ्यासात मधली. ना कौतुक, ना तक्रार.

"बरंच की! बहिणीची सोबत होईल," मी म्हटलं आणि विषय उडवून लावला. खरं सांगते, त्या वेळी मला फक्त आफरीनच दिसत होती.

*

गुरुजी मात्र नियमाचे पक्के. त्यांनी ऑनलाइन माहिती भरतात तिथं दुसरीतनं चौथी करता येते का, ते बघायला सुरुवात केली. चष्मा कपाळावर, बोट एकच, नेटवर्क खिडकीपाशीच. अर्ध्या तासानं कंटाळून त्यांनी ओळखीच्या एका क्लार्कला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

क्लार्क म्हणाला, "पोर त्याच वर्गात ठेवायचं असेल तर सांगा गुरुजी, तिथं कारण लिहायला जागा आहे. आजारी, गैरहजर, स्थलांतर. पण वर उडी मारायची म्हणता, तसला रकानाच दिसत नाही."

"मग लय हुशार पोराचं करायचं काय?"

मग तो म्हणाला, "काय आहे गुरुजी, हुशार पोरांची कधी तक्रारच येत नाही!"

*

आईवडिलांना बोलावलं. सलीमभाई गाद्या करतात. गावातच घराला लागून शेड आहे, तिथं कापूस पिंजायचं मशीन. ते तसेच कामावरनं उठून आले होते, भुवयांवर कापूस. बरोबर शबानाभाभी.

मी चांगलं पाच मिनिटं आफरीनचं कौतुक केलं. सलीमभाई ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, तुमी पोरीचं भलंच बघताय. पर आमच्या धंद्यातलं सांगतो. कापूस नीट पिंजल्याबिगर गादीत कोंबला की गाठी ऱ्हात्यात. भरणाऱ्याला त्या दिसत न्हाईत. झोपणाऱ्याला टोचत्यात."

"वा!" गुरुजींनी टेबलावर थापच मारली. "बघा बाई, ह्याला म्हणत्यात अनुभव!" मी मनातल्या मनात गुरुजींना दोन शिव्या दिल्या.

तोवर गप्प असलेल्या शबानाभाभींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बोलल्या, "गुरुजी, मला नववीतनं काढली. दहावीला बसायचं लय मनात हुतं. तवा न्हाई कुणी मला इचारलं, न्हाई कुणी मीटिंग घेतली. एका दिवसात काम झालं. आता पोरीला एक वर्ष पुढं घालायचंय, तर एवढी मीटिंग?"

गुरुजी पेन शोधायला लागले. पेन खिशालाच होतं.

निघताना सलीमभाई एकटेच दारातनं माघारी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गादीचं आपलं म्हणायचं म्हणून बोललो, बाई. आफरीन कुठं बी टिकंल. घरात पावणं आलं की आफरीनला पाढं म्हणायला लावत्यात, दुकानात गिऱ्हाईक आलं की आफरीन. मुस्कान आपली आत जाऊन पाण्याचा तांब्या घिऊन येती. आता वर्गात बी तेच झालं, तर त्या लेकराला जागा कुठं उरली?"

मी आपलं "बघू या" म्हटलं.

*

प्रकरण शाळा समितीपुढं गेलं. समितीचे अध्यक्ष सुभेदार आबा. फौजेतनं रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण मिशा अजून ड्यूटीवर आहेत. आबा सभेला आले की खुर्च्यासुद्धा सरळ रांगेत लागतात.

मी विषय मांडला. आबांनी हात वर केला. "बाई, अठ्ठावीस साल सर्विस केली मी. शिपायाचा लान्स नायक झालो, त्याचा नायक, नायकाचा हवालदार. मधली रँक गाळून वर चढलेला एक जवान मी बघितला न्हाई. लढाईत छातीवर गोळी झेलली तर मेडल देत्यात. पर नायक सोडून हवालदार? बिलकुल न्हाई!"

"आवं आबा, ही शाळा आहे, फौज नाही," मी चिडून म्हटलं.

"मग रोज सकाळी पोरास्नी सावधान-विश्राम कशापायी करायला लावताय?"

सगळी समिती हसली. मीही हसले, काय करणार! पण आबा माणूस न्यायाचा. सभा संपवताना म्हणाले, "पोरगी तेज हाय हे मान्य. तर मग टेस्ट घ्या. आपल्या माणसानं न्हाई, वरच्या हापिसरनं. पास झाली तर मी सलाम ठोकीन."

*

वरचा ऑफिसर म्हणजे आमचे केंद्रप्रमुख. आमच्या भागातल्या दहा-बारा शाळांवर त्यांची देखरेख. एप्रिलमध्ये ते आले, चौथीची अख्खी प्रश्नपत्रिका आफरीनपुढं ठेवली आणि घड्याळ लावलं. मला आणि गुरुजींना लांब बसवलं. मी सारखी घड्याळाकडं बघत होते, पोरगी मजेत पाय हलवत लिहीत होती.

वेळेच्या आधीच पेपर दिला. साहेब तपासायला लागले. बरोबर, बरोबर, बरोबर. साहेबांचा लाल पेन नुसता धावत होता. शेवटच्या पानावर येऊन थांबला. एक प्रश्न कोरा! लिटर-मिलिलिटरचा.

"हा का सोडलास, बाळ? अवघड वाटला?"

"न्हाई सर. तो बाईंनी चौथीला अजून शिकवलाच न्हाई!"

आता बघा हं. मार्चमधले आठ दिवस मी घरोघरी सर्वेक्षणाची कामं करत फिरले होते. तो धडा राहून गेला होता. आणि टाचणवहीत, म्हणजे रोज काय शिकवलं ते लिहायच्या वहीत? वहीत मी 'पूर्ण' लिहून सही ठोकली होती, कारण महिनाअखेरीला वही दाखवायची असते! साहेबांनी माझी टाचणवही मागून घेतली. पान उघडलं. 'पूर्ण' या शब्दावर बोट ठेवलं आणि चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. भूकंप झाल्यावर कोयनेकडची माणसं कशी मुकाट घराबाहेर येऊन उभी राहतात, तशी मी उभी राहिले.

साहेब म्हणाले, "जाधवबाई, ही पोरगी चौथीच्या लायकीची आहे, मी लिहून देतो. काय ठरवायचं ते तुम्ही आणि पालकांनी ठरवा. फक्त एक विनंती. तपासणी असेल त्या दिवशी हिला तुमच्या खोलीत बसवत जाऊ नका!"

*

म्हणजे आता कुणाची आडकाठी उरली नाही. आबांनी खरंच शाळेच्या दारात येऊन आफरीनला कडक सलाम ठोकला. तिनंही ठोकला, डाव्या हातानं! सलीमभाई म्हणाले, "तुमी म्हणशिला तसं." आणि नेमकं त्याच रात्री माझं जेवण जाईना.

याचं कारण तासगावकडं आहे, माझ्या माहेरी. आता हा काही हसायचा किस्सा नाही, पण तो सांगितल्याशिवाय आमच्या शाळेचा किस्सा पुरा होत नाही.

मी पहिलीत असताना लय चुणचुणीत होते म्हणे. आमच्या तिथल्या गुरुजींनी मला पहिलीतनं उचलून तिसरीत बसवलं. तिसरीत माझी थोरली बहीण होती, मंगलताई. पहिल्याच सहामाहीत माझा पहिला नंबर आला. वडिलांनी मला खांद्यावर घेऊन पेठेतनं फिरवलं. मंगलताई मागनं माझं दप्तर धरून चालत होती. तेव्हापासून तिचं शाळेच्या वेळेला पोट दुखायला लागलं. कधी डोकं, कधी पोट. सातवीनंतर ती शाळेत गेलीच नाही. "मंगलला अभ्यासाची गोडी न्हाई," असं घरातल्यांनी ठरवलं, आणि मी शिक्षिका झाले.

आज ती द्राक्षाच्या बागांत काम करणाऱ्या तीस बायकांची टोळी चालवते. कुठल्या बागेत किती बायका किती दिवस लागतील, ते नुसत्या नजरेनं सांगते आणि चुकत नाही. मोठमोठे बागायतदार तिला ताई म्हणतात. मला तिचा फार अभिमान आहे, पण तिच्यापुढं बसून मी हे कधी बोलू शकले नव्हते.

सकाळी उठून मी तिला फोन लावला. आफरीनचं सगळं सांगितलं. म्हटलं, "ताई, काय करू गं?"

बागेतनं बोलत होती. मागं बायकांचा गलका. म्हणाली, "पुढं जाणारीची काळजी तू कशाला करतीस? ती जाईलच. तू गेलीस की! त्या थोरलीला कुणी इचारलंय का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई ना? मग आधी तिला इचार. मला कुणी इचारलं आसतं, तर मी 'येऊ दे की' असंच म्हणाली आसती बघ. पर इचारायला पायजे हुतं गं."

आणि "ए गंगू, घड नीट धर!" असं कुणावर तरी ओरडून तिनं फोन ठेवला. मी व्हरांड्यात बसून भरपूर रडून घेतलं. मग तोंड धुवून शाळेत गेले.

*

एक मे. झेंडावंदन झालं, निकाल वाटले. आफरीनच्या कार्डावर गुरुजींनी पुढच्या इयत्तेची जागा तेवढी कोरी ठेवली होती. सलीमभाई आणि शबानाभाभी थांबले होते, आबाही खुर्ची टाकून बसले होते. आफरीन बाहेर चिंचेखाली पोरींबरोबर गजगे म्हणजे सागरगोटे खेळत होती. गजग्यात ती अगदीच कच्ची आहे, एक झेलला की दुसरा पडतो.

मी मुस्कानला आत बोलावलं. ती दाराला टेकून उभी राहिली. तिच्या तीन वर्षांच्या शाळेत, त्यातलं दुसरीचं वर्ष तर माझ्याच खोलीत, मी तिच्याशी कधी धड बोलले असेन नसेन. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "मुस्कान, आम्ही आफरीनला तिसरी गाळून तुझ्या वर्गात चौथीत बसवायचं म्हणतोय. पण तुला विचारल्याशिवाय नाही. तुला काय वाटतं? खरं सांग. रडू आलं तरी चालंल."

ती रडली नाही. अंगठ्यानं फरशी घासत उभी राहिली. सलीमभाईंनी मान दुसरीकडं वळवली. मला वाटलं, ही आता मंगलताईसारखंच 'येऊ दे की' म्हणणार.

मुस्काननं मला विचारलं, "बाई, आफरीनला चौथीत कशापायी घालायची?"

"अगं, तिला चौथीचं येतंय. आणि तिसरीत गेली तर गुरुजींच्या खोलीत शेजारी पहिली असते. पुढचं काहीच तिच्या कानावर पडणार नाही."

"येवढंच हाय?"

"हो. एवढंच."

"मग तिसरी-चौथी एका खोलीत बसवा की. आन पहिली-दुसरी एका खोलीत. ती रेघंच्या तिकडं बसंल, मी रेघंच्या हिकडं. तिला ऐकू बी यील, आन ती तिसरीत बी ऱ्हाईल."

चार महिने! पटाचा विचार झाला, रँकचा झाला, क्लार्कला फोन झाले, केंद्रप्रमुख येऊन माझी अब्रू घेऊन गेले. आणि मुलगी न हलवता खोली हलवावी, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आबा पुटपुटले, "आयला!" मग समोर बायका आहेत हे आठवून खोकले.

गुरुजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आन पहिली-दुसरी एकत्र? ती कोण सांभाळणार?"

"तुमी की, गुरुजी," मुस्कान म्हणाली. "मधल्या सुट्टीत बारकी पोरं तुमच्याच अंगावर चढत्यात. बाईंच्या जवळ कुणी जात न्हाई."

मला हसावं की रुसावं कळेना. गुरुजींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडं नीट निरखून बघितलं. तीन वर्षं ती त्यांच्याच शाळेत होती. गुरुजी म्हणाले, "मुस्कान, खरं सांग. हे तुला आफरीननं सुचवलं ना?"

"न्हाई गुरुजी," ती म्हणाली. "तिला कसं सुचंल? ती अजून ल्हान हाय."